पिग्मीची वही, हातयंत्र आणि संगणक

काकती हे गाव बेळगावच्या उत्तरेस, पुणे-बंगळूर महामार्गाला लागून वसलेले आहे. कित्तूरच्या राणी चन्नम्मा यांचे जन्मगाव म्हणून इतिहासाच्या पुस्तकांत त्याचा उल्लेख येतो. राजवटी, लढाया आणि सनदा यांच्या इतिहासाला तेवढा उल्लेख पुरेसा असतो. परंतु प्रत्येक गावाला रोजच्या देवघेवीचाही एक इतिहास असतो आणि तो सहसा कोणी लिहून ठेवीत नाही. चहाच्या टपरीवर, भाजीच्या पाटीशी, शिवणयंत्रापाशी दिवसाकाठी एकदा खांद्याला पिशवी अडकवलेला गृहस्थ येऊन उभा राहतो, दहा-वीस रुपये घेतो, त्यांची नोंद करतो आणि पुढच्या दारी जातो. काकतीपासून निपाणीपर्यंतच्या पट्ट्यात ह्या रकमेला 'पिग्मी' म्हणतात. ही नोंद गिऱ्हाइकाच्या दारातून संस्थेच्या कचेरीत कशी पोचते, हा प्रश्न दिसायला किरकोळ. पण हजारो गरीब घरांची शिल्लक त्याच्या उत्तरावर अवलंबून राहिली आहे.

पिग्मी हा शब्द आणि ती पद्धत, दोन्ही कर्नाटकातलीच. उडुपी येथे १९२५ साली उपेंद्र अनंत पै, वामन श्रीनिवास कुडवा आणि डॉ. टी. एम. ए. पै यांनी जी बँक स्थापन केली व जी पुढे सिंडिकेट बँक म्हणून प्रसिद्धीस आली, तिने १९२८ मध्ये ही योजना सुरू केली. ठेवीदाराच्या दारी जाऊन रोज अगदी दोन आणेसुद्धा स्वीकारायचे, असा तिचा साधा नियम होता. बँकेची पायरी चढायला जो बिचकतो त्याच्याकडे बँकेनेच जावे, ही कल्पना त्या काळी धाडसाचीच म्हटली पाहिजे. १९६९ च्या जुलैमध्ये ह्या बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १ एप्रिल २०२० रोजी ती कॅनरा बँकेत विलीन झाली; परंतु तिने रुजविलेली पद्धत तिच्यापुरती उरली नव्हती. नागरी बँका व पतसंस्था यांनी ती केव्हाच उचलली होती. कर्नाटकाचा १९९७ चा सौहार्द सहकारी कायदा १ जानेवारी २००१ पासून अंमलात आल्यावर संस्थांची संख्या वाढली. सीमेच्या दोन्ही अंगांना शाखा असलेल्या संस्थांना बहुराज्य सहकारी कायद्याचा आधार मिळाला. तंबाखू आणि विडीच्या धंद्यावर पोट असलेल्या निपाणीत, किंवा भाजी, दूध व कारखान्यातील मजुरी यांवर चालणाऱ्या काकतीसारख्या गावात रोज हाती येणारा पैसा रोजच बाजूला पडला तरच साठतो, हे शहाणपण लोकांपाशी होतेच. पिग्मीने त्याला खातेवही दिली.

सुरुवातीच्या व्यवहारात तीन कागद असत. ठेवीदाराजवळचे छोटे पासबुक, वसुली करणाऱ्याची रोजची यादी आणि कचेरीतील खातेवही. वसुली करणारा पासबुकात तारीख व रक्कम लिहून सही करी, तीच रक्कम आपल्या यादीत उतरवी आणि संध्याकाळी कारकून ती यादी खातेवहीवर चढवी. एकच आकडा तीनदा लिहिला जाई, म्हणजे चुकण्याच्या जागाही तीन होत्या. मात्र ह्या पद्धतीत एक बळ होते, ज्याकडे पुढच्या काळात दुर्लक्ष झाले. तीन कागदांपैकी एक ठेवीदाराच्या हाती असे. कचेरीत कोणी खोडाखोड केली तरी ट्रंकेत जपून ठेवलेल्या पासबुकातील शाई बोलत असे. लिहिता-वाचता न येणारी बाईसुद्धा आपल्या पासबुकात किती रेघा भरल्या हे बोटांनी मोजू शके.

ह्या साखळीचा सर्वांत कच्चा दुवा वसुली करणारा माणूसच होता. तो ना धड नोकर, ना धड दलाल. त्याची मिळकत वसुलीवरील कमिशनची. बँकांतील अशा वसुलीदारांचा प्रश्न हैदराबादच्या औद्योगिक लवादापुढे गेला. लवादाने २२ डिसेंबर १९८८ च्या निवाड्यात दरमहा ७,५०० रुपयांच्या किमान वसुलीशी जोडलेले ७५० रुपयांचे मासिक वेतन ठरवून दिले. बँकांनी हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि फेब्रुवारी २००१ मध्ये न्यायालयाने हे लोक कामगारच आहेत असा निर्णय दिला. हा निर्णय बँकांपुरता होता; खेड्यापाड्यांतील पतसंस्थांच्या माणसांची स्थिती फारशी पालटली नाही. हातयंत्राचा इतिहास वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. यंत्राचे कौतुक पुष्कळ झाले. ते उन्हातान्हात वाहून नेणाऱ्याचे फार थोडे.

हाती मावणाऱ्या यंत्रात माहिती भरून ती मोठ्या संगणकाला द्यायची, ही युक्ती बँकांची नव्हे. ब्रिटनमधील सायन कंपनीने १९८४ मध्ये 'ऑर्गनायझर' नावाचे खिशातले यंत्र काढले. १९८६ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली आणि ते संगणकाला तारेने जोडण्याची सोयही मिळू लागली. आपल्याकडे नव्वदीच्या दशकात 'डिजिटल डायरी' म्हणून जपानी बनावटीची यंत्रे आली. मुंबईला किंवा आखातात नोकरीस असलेल्या नातलगाने आणलेली अशी डायरी दिवाणखान्यात दाखविण्याची वस्तू असे. तिच्यात दूरध्वनी क्रमांक साठत. पण बॅटरी संपली की सारेच पुसले जाण्याचे भय असल्याने सावध माणूस तेच क्रमांक कागदावरही लिहून ठेवी. संगणकाशी जोडणारी तार वेगळी विकत घ्यावी लागे आणि ती क्वचितच कोणाकडे असे. १९९६ मध्ये अमेरिकेत पाम पायलट आले. यंत्र एका बैठकीत बसवून एक कळ दाबली की यंत्र व संगणक यांतील नोंदी एकमेकांशी जुळत. इथे मुळातच एक पेच होता. तीच नोंद सकाळी यंत्रात बदलली आणि दुपारी संगणकातही बदलली, तर खरी कोणती? पामची व्यवस्था अशा वेळी दोन्ही नोंदी ठेवून निवाडा मालकावर सोपवी.

पत्त्यांच्या बाबतीत दोन नोंदी राहिल्या तर बिघडत नाही. पैशाच्या बाबतीत बिघडते. पिग्मीच्या यंत्रांनी हा पेच फार साधेपणाने सोडविला. खातेदाराचे नाव, खाते क्रमांक व मागील शिल्लक बदलण्याचा अधिकार केवळ कचेरीचा, आणि नवी जमा नोंदण्याचे काम केवळ यंत्राचे. सकाळी कचेरीतला संगणक यंत्रात खात्यांची यादी भरी. संध्याकाळी यंत्र दिवसभराच्या पावत्या संगणकात रिकाम्या करी. माहिती सकाळी एका दिशेने जाई, संध्याकाळी दुसऱ्या दिशेने, आणि दोहोंची गाठ कधी पडत नसे. उणीव एवढीच की, यंत्रातील शिल्लक सकाळची असे. दुपारी कोणी कचेरीत जाऊन पैसे काढले तर संध्याकाळच्या पावतीवर ते काढलेले पैसे दिसत नसत, आणि पावती वाचता येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या मनात हकनाक संशय येई.

हे यंत्र म्हणजे जाडजूड गणकयंत्रासारखा ठोकळा. दोन किंवा चार ओळींचा पडदा, आकड्यांच्या कळा आणि वरच्या अंगाला चिठ्ठी छापणारे लहानसे छापयंत्र. मागच्या बाजूस तार जोडण्याची जागा. ही तार आरएस-२३२ नावाच्या, १९६० पासून चालत आलेल्या ठरावाप्रमाणे बोले. अक्षरे एकामागून एक, एकाच तारेवरून, रांगेत जात. सेकंदाला ९,६०० ठोके हा तिचा नेहमीचा वेग, आणि एका अक्षरास साधारण दहा ठोके लागत. म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरे. तीनशे खात्यांच्या प्रत्येकी साठ अक्षरांच्या नोंदी धरल्या तर अठरा हजार अक्षरे होतात व ती वीस सेकंदांच्या आत पार होतात. जे काम कारकुनाला दोन तास पुरे, ते चहाचा पेला उचलण्याआधी संपे. मध्येच वीज गेली किंवा तारेचा खटका सैल झाला, तर मात्र अर्धी यादी चढली की पुरी, असा घोर लागे.

यासाठी ताळा घ्यावा लागे, आणि इथे जुनी पंतोजींची शाळा आणि नवे शास्त्र यांची मौजेची गाठ पडते. गुणाकार बरोबर आला की नाही हे पाहण्यासाठी 'नवाचा ताळा' घेण्याची रीत मराठी शाळांत होती. अंकांची बेरीज करायची, नऊ टाकून द्यायचे, उरलेले जुळवायचे. यंत्र आणि संगणक यांच्या संभाषणातही हेच चाले. पाठविणारा प्रत्येक तुकड्याच्या शेवटी अक्षरांच्या सांकेतिक अंकांच्या बेरजेचा शेष जोडी; घेणारा तीच बेरीज नव्याने करून पाही; जुळली नाही तर तुकडा पुन्हा मागवी. नवाच्या ताळ्याचे जे व्यंग, तेच ह्या साध्या बेरजेचेही. ४५ च्या जागी ५४ लिहिले तरी बेरीज नऊच येते आणि चूक निसटते. म्हणून पुढे अंकांच्या जागेचीही दखल घेणारी, भागाकारावर आधारलेली कठोर रीत वापरात आली. याखेरीज माणसांचा ताळा वेगळा होताच. यंत्राने सांगितलेली पावत्यांची संख्या व एकूण रक्कम, आणि पिशवीतून टेबलावर ओतलेल्या नोटा व नाणी. हे दोन जुळल्याशिवाय वसुलीदाराला घरी जाता येत नसे. तारेचा ताळा चुकला तर यंत्र पुन्हा पाठवी. पैशाचा चुकला तर तूट त्याच्या कमिशनातून जाई.

यंत्राच्या पडद्यावर बहुधा रोमन अक्षरेच उमटत. सीमाभागात ही गोष्ट विशेष बोचणारी होती, आणि गंमत अशी की मराठी व कानडी दोघांनाही ती सारखीच बोचे. 'ळ' हे अक्षर दोन्ही भाषांचे; रोमन लिपीत त्याला घरच नाही. त्यामुळे काळे, काले आणि कळे यांची नावे एकाच साच्यात पडत, बाळू व बालू यांत भेद राहत नसे, आणि सोळा-वीस अक्षरांच्या मर्यादेत आडनावाचा शेंडा छाटला जाई. खुद्द बेळगावचा 'ळ' रोमन लिपीत 'एल'मध्ये पिढ्यान्‌पिढ्या दडून राहिला होता; १ नोव्हेंबर २०१४ रोजी शासनाने गावाचे अधिकृत नाव बदलले तेव्हाही तो तिथेच राहिला. संगणकात भारतीय लिपी आणण्याचे काम तोवर झाले नव्हते असे मुळीच नाही. पुण्याच्या सी-डॅक संस्थेचे 'जिस्ट' कार्ड संगणकात बसविले की देवनागरी व कन्नड दोन्ही लिहिता येत, आणि भारतीय लिप्यांचे सांकेतिक प्रमाण १९९१ मध्ये ठरलेही होते. परंतु ते कार्ड मोठ्या संगणकासाठी होते. बाजारातल्या स्वस्त हातयंत्राला त्याचा उपयोग नव्हता. आपल्या नावाची ओळख पटत नसेल तर माणूस खाते क्रमांकावर विसंबतो. वसुलीदारही गिऱ्हाइकांना हळूहळू क्रमांकांनीच ओळखू लागले.

ह्या उणिवेवर कर्नाटकातच एक उमदा प्रयत्न झाला, त्याची नोंद इथे अवश्य केली पाहिजे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक आणि एका खासगी कंपनीतील अभियंते यांनी मिळून 'सिंप्यूटर' हे हातसंगणक रचले. २००१ मध्ये त्याचा नमुना लोकांपुढे आला आणि मार्च २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनविलेले 'अमिडा सिंप्यूटर' बाजारात आले. त्यात भारतीय भाषा होत्या, मजकूर वाचून दाखविण्याची सोय होती, आणि स्मार्ट कार्डाची खाच होती. एकच यंत्र गावाने मिळून वापरावे व प्रत्येकाने आपली माहिती आपल्या कार्डावर बाळगावी, हा त्यामागचा विचार होता. पिग्मीच्या पासबुकाचेच ते नवे रूप, कारण एक नोंद मालकाच्या खिशात राहणार होती. कर्नाटक शासनाने जमिनीच्या नोंदींच्या कामी त्याचा उपयोगही केला. पण विक्री अपेक्षेच्या पासंगालाही पुरली नाही, आणि मोबाइल फोन स्वस्त होताच यंत्र मागे पडले. कल्पना चांगली आणि वेळ चुकलेली, एवढेच त्याविषयी म्हणता येईल.

हातयंत्रातून संगणकात माहिती ओतण्याचा सर्वांत मोठा प्रयोग देशाने २०११ मध्ये पाहिला. सामाजिक, आर्थिक व जातनिहाय जनगणनेसाठी सुमारे ६ लाख ४० हजार हातयंत्रे वापरण्यात आली. ती भारत इलेक्ट्रॉनिक्सनेच पुरविली होती. प्रगणक प्रश्न विचारी, सोबतचा मदतनीस उत्तरे यंत्रात भरी, आणि ती पुढे केंद्रातील संगणकात जमा होत. पिग्मीवाल्याची संध्याकाळ जणू साऱ्या देशाने अनुभवली.

तोवर पिग्मीचे यंत्रही बदलू लागले होते. आधी त्याच्या पोटात मोबाइलचे सिम कार्ड आले आणि पावती फाटता फाटताच नोंद कचेरीत पोचू लागली. मग ठोकळा जाऊन साधा स्मार्टफोन व कमरेला लटकणारे छापयंत्र आले, आणि त्याबरोबर पडद्यावर देवनागरी व कन्नड अक्षरेही आली. नव्या संगणकांना नऊ टाचण्यांची ती जुनी खाच राहिली नाही, म्हणून काही दिवस जोडतुकडे लावून तारा वापरल्या गेल्या व पुढे त्या खणात पडल्या. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर आणि यूपीआयच्या प्रसारानंतर टपरीवरच्या गल्ल्यातील रोकड घटली. तरी दारी येणाऱ्या माणसाच्या हाती पैसे देण्याची सवय मोडली नाही. रोजची बचत त्याच्या येण्यामुळे होते, हे ठेवीदार जाणून आहेत.

यंत्र आल्यावर अनेक ठिकाणी पासबुक लिहिणे बंद झाले व चिठ्ठी हाच पुरावा ठरला. ही चिठ्ठी उष्णतेने छापणाऱ्या कागदावरची. तिच्यावर शाई नसते. कागदाचा लेपच तापून काळा होतो, आणि ऊन, तेल किंवा प्लास्टिकची पिशवी लागली की काही महिन्यांत फिका पडतो. एखादी संस्था अडचणीत आली आणि ठेवीदार पुरावा घेऊन उभे राहिले, तर पासबुक असलेल्याला तारखा दाखविता येत. चिठ्ठ्या जपलेल्याच्या हाती कोरे तुकडे राहत. यंत्राच्या पोटातील नोंद तर दुसऱ्या दिवशी सकाळी नवी यादी भरताच पुसली जाई. संस्थेचा संगणक काय सांगेल तेच मग खरे. ह्या अनुभवातून चिठ्ठी देऊनही पासबुकावर हाताने आकडा घालण्याची जुनी रीत काही संस्थांनी चालू ठेवली. वसुलीदाराला त्यात वेळ मोडतो आणि तो कुरकुरतो. वयस्क ठेवीदार मात्र चिठ्ठी तिथेच टाकून देतात आणि पासबुक पुढे करतात.