उरलेलं बी, राखेचं मडकं आणि आपला पावसाळा



परड्यात भेंडी, दोडका, मिरची लावून झाली की पाकिटाच्या तळाला चिमूटभर बी उरतं. पुढच्या वर्षी ते उगवंल का, असं बरेच जण विचारतात. उत्तर द्यायचं तर थोडं मागं जावं लागतं.

जुन्या घरांत खायचं धान्य वेगळं आणि पेरायचं बी वेगळं. ज्वारी पेवात जायची. ‘पेव फुटलं’ हा शब्दप्रयोग तिथलाच. पण पेवात कोंदट ऊब असते. तिथलं धान्य भाकरीला चालायचं, पेरायला नाही. बी ठेवायचं मडक्यात नाहीतर वाळलेल्या दुध्या भोपळ्यात, चाळलेल्या राखेत कालवून, तोंड शेणमातीनं लिंपून. मक्याची कणसं चुलीच्या वर टांगलेली. राख ओल ओढते आणि किड्याच्या अंगावरचं मेणचट आवरण खरवडते. चुलीची ऊब आणि धूर बी कोरडं ठेवतात.

यामागचं गणित अमेरिकेतले बीजशास्त्रज्ञ जेम्स हॅरिंग्टन यांनी मांडलं. बियातली ओल १ टक्क्यानं कमी केली की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. दुसरा ठोकताळा असा: फॅरनहाइटमधलं तापमान आणि हवेतली आर्द्रता यांची बेरीज १०० च्या आत हवी. कोल्हापुरात जुलैत तापमान धरा २४ सेल्सिअस, म्हणजे ७५ फॅरनहाइट, आणि आर्द्रता ८५. बेरीज झाली १६०! गगनबावडा, राधानगरीकडं तर भिंतीलाच ओल येते. म्हणजे जूनमध्ये उघडलेलं पाकीट नेमकं सगळ्यात वाईट चार महिन्यांत पडून राहतं.

पाकिटावरची तारीख आली कायद्यानं. बियाणे कायदा १९६६ चा, नियम १९६८ चे. प्रमाणित बियाण्याची मुदत तपासणीपासून ९ महिने, फेरतपासणीत पास झालं तर आणखी ६. उगवण किमान किती हवी, तेही ठरलेलं: कांदा ७० टक्के, भेंडी ६५, मिरची ६०. मुदत संपली म्हणजे बी मेलं असं नाही, फक्त हमी संपली. कोरड्या थंड जागी कांद्याचं बी एखादं वर्ष, भेंडी-मिरची दोन, टोमॅटो-वांगी चार, काकडी पाच वर्षं टिकू शकते. आपल्या दमट हवेत त्याहून कमीच धरा.

तणाचं मात्र उलटं. अमेरिकेत मिशिगनला विल्यम बील यांनी १८७९ साली बाटल्यांत वाळूबरोबर तणांचं बी पुरलं. २०२१ मध्ये काढलेल्या बाटलीतलं काही बी उगवलं! आपण पिकांत पटकन एकसारखं उगवणारं बी निवडत आलो. तण वाट बघत बसतं, पीक बसत नाही.

म्हणूनच मडक्याचं काम एवढंच होतं, एक पावसाळा काढायचा. वाण टिकला तो मडक्यानं नव्हे, दरवर्षी पेरल्यानं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० ला पद्मश्री जाहीर झाली. त्यांची बियाणे बँक प्रसिद्ध आहे, पण त्यांचं मोठं काम म्हणजे ते बी लोकांच्या रानात परत गेलं. घरचा घेवडा डब्यात तीन-चार वर्षं जपून ठेवला आणि एकदाही पेरला नाही, तर एक दिवस डबा भरलेला असतो आणि वाण गेलेला असतो. पाकीट दुकानात पुन्हा मिळतं, आजीचा घेवडा मिळत नाही.

तेव्हा उरलेलं बी सावलीत वाळवा. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत तळाला कोरडी राख किंवा भाजून गार केलेले तांदूळ घाला, वर बियाची पुडी, पुडीवर वाण आणि साल. पेरणीआधी १०० बिया ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि आठ-दहा दिवसांनी कोंब मोजा. मिरची-वांग्याला आणखी थोडे दिवस द्या. ६०-७० आले तर पेरा, ४० आले तर बी वाढवून टाका. अन् घरचा वाण असंल तर दहाच कोंब आले तरी ती दहा रोपं लावाच, त्यांचं बी धरा आणि मूठभर शेजाऱ्यालाही द्या.