तळटीप १४ : उत्सिरा
१४. उत्सिरा : नॉर्वेच्या किनाऱ्यापासून सुमारे २५० किलोमीटरवर, उत्तर समुद्राच्या तळाखालचा वालुकाश्माचा थर. लेखकाने त्याला ‘कोठार’ म्हटले असले, तरी ती पोकळ गुहा नव्हे, हे इथे सांगायलाच हवे. वाळूच्या कणांमधल्या बारीक फटींत खारे पाणी असते. स्लाइप्नर क्षेत्रातल्या नैसर्गिक वायूतून वेगळा काढलेला कार्बन डायऑक्साइड १९९६ पासून त्या फटींत दाबाने सोडला जाऊ लागला. अनेक वर्षे वर्षाकाठी सुमारे दहा लाख टन. इतक्या खोलीवरच्या दाबाने तो द्रवासारखा दाट होतो आणि थोड्या जागेत पुष्कळ मावतो. तरीही पाण्याहून हलका असल्याने तो वर सरकतो. चिकणमातीचा जाड, घट्ट खडक त्याला अडवतो. सारी भिस्त या झाकणावर. नॉर्वेने १९९१ मध्ये कार्बन-कर लावला नसता, तर हा खर्च कोणी केला असता असे वाटत नाही.

पुढच्या परिच्छेदातला हायड्रोजन मात्र कायमचा पुरण्यासाठी नव्हे, गरजेला परत काढण्यासाठी साठवायचा असतो. तो निसटायला अधिक चपळ, शिवाय खडकातले काही सूक्ष्मजीव त्याचा मिथेन करतात. फ्रान्समध्ये बेन येथे १९५६ पासून काही वर्षे, सुमारे निम्मा हायड्रोजन असलेला शहरी वायू अशाच पाणथर खडकात साठवला जात होता.