ब्रेकच्या तारेची कुळकथा

जुन्या सायकलचा ब्रेक लागेनासा झाला की आपण आतली तार बदलतो आणि बाहेरचं आउटर तसंच ठेवतो. माझ्या मते पहिला खर्च आउटरवरच करावा. कारण या केबलचा जन्मच मुळी आउटरमुळे झाला.

सुरुवातीचे ब्रेक थेट टायरवर दाबले जात. हँडलवरून दांडी खाली ढकलली की चमच्याच्या आकाराचं लोखंड टायरला घासे. भरीव रबराचं त्यात फारसं बिघडत नव्हतं. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉपने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. या टायरना तसली घासाघीस मानवणारी नव्हती आणि ब्रेक हळूहळू रिमवर सरकला. तिथपर्यंत जोर न्यायला आल्या दांड्या. आपल्याकडच्या काळ्या सायकलींचे रॉड ब्रेक त्याच घराण्यातले. दांड्या दणकट असतात, पण दिशा बदलायची तिथे सांधा लागतो आणि सांधा झिजतो.

१८९६ मध्ये अर्नेस्ट मॉनिंग्टन बोडन याने लंडनमध्ये वेगळ्याच रचनेचं पेटंट घेतलं. (रॅले कंपनीचे सर फ्रँक बोडन ते हे नव्हेत, आडनावामुळे श्रेय अनेकदा त्यांच्या नावावर जमा होतं.) तारेने ओढणं नवं नव्हतं. नवी होती ती तारेचंच घट्ट वेटोळं करून बनवलेली नळी, म्हणजेच आपलं आउटर. लिव्हर दाबला की आतली तार जितकी ताणली जाते, तितक्याच जोराने नळी दाबली जाते. नळी आखडली नाही, तर वळणावळणांतूनही ओढ ब्रेकपर्यंत पोचते. गंजून, पिचून ती आखडू लागली, की लिव्हर हँडलला टेकतो आणि चाक मात्र फिरतच राहतं. आतली तार कितीही नवी असो!

म्हणून आउटर आतून प्लास्टिकचं अस्तर असलेलं घ्यावं. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळेल इतकीच त्याची लांबी ठेवावी. टोक काटकोनात कापून, कानशीने सपाट करून टोपी बसवावी. गिअरचं आउटर ब्रेकला मुळीच लावू नये. हल्लीच्या गिअर-आउटरमध्ये वेटोळं नसतं, तारा लांबीच्या दिशेने असतात. जोरात ब्रेक दाबला तर ते फुटू शकतं.

एक गोष्ट मात्र केबलच्या हातात नाही. क्रोमच्या लोखंडी रिमवर पाणी पडलं की ब्रेकचं रबर घसरतं. पावसात रोज सायकल चालवणाऱ्याने अॅल्युमिनियमच्या रिम बसवून घ्याव्यात.