लैंगिक क्रांतीची स्त्रीवादी चिकित्सा

लैंगिक क्रांतीची स्त्रीवादी चिकित्सा म्हणजे १९६०च्या दशकात अमेरिका व पश्चिम युरोपात लैंगिक आचारावरील निर्बंध सैल झाल्यानंतर, त्या बदलाचे स्त्रियांवर झालेले परिणाम तपासणारी व मुख्यतः स्त्रीवादी चळवळीच्या आतून झालेली टीका होय. लैंगिक मुक्ती आणि स्त्रीमुक्ती या एकच गोष्टी आहेत, असा समज स्त्रीवादाचे समर्थक आणि विरोधक अशा दोघांमध्येही आढळतो. प्रत्यक्षात त्या मुक्तीची अत्यंत कठोर झाडाझडती अमेरिकेतील जहाल स्त्रीवादी लेखिकांनी १९७०च्या सुमारासच घेतली होती. निर्बंध उठल्याने स्त्रीला होकार देण्याचे स्वातंत्र्य मिळाले, पण नकार देण्याचे स्वातंत्र्य तितक्याच प्रमाणात मिळाले का, हा या चिकित्सेचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

पार्श्वभूमी

अमेरिकेत १९६० साली गर्भनिरोधक गोळीला मान्यता मिळाली. विवाहित जोडप्यांचा गर्भनिरोधके वापरण्याचा हक्क तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये, तर अविवाहितांचा १९७२ मध्ये मान्य केला. १९७३च्या रो विरुद्ध वेड या निकालाने गर्भपाताला घटनात्मक संरक्षण दिले. ते २०२२ मध्ये काढून घेण्यात आले. याच काळात विद्यापीठांतील वसतिगृहांचे नियम शिथिल झाले आणि युद्धविरोधी व डाव्या युवक चळवळींत मुक्त लैंगिक संबंधांकडे बंडखोरीचे लक्षण म्हणून पाहिले जाऊ लागले.

या बदलांचे लाभ वादातीत म्हणावेत इतके ठोस आहेत. क्लॉडिया गोल्डिन व लॉरेन्स कॅट्झ यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अविवाहित तरुणींना गोळी उपलब्ध होणे आणि त्यांनी दीर्घ मुदतीच्या व्यावसायिक शिक्षणाकडे वळणे यांतील संबंध दाखवून दिला. विधी महाविद्यालयांच्या पहिल्या वर्षात १९७० मध्ये सुमारे १० टक्के विद्यार्थिनी होत्या. १९८० मध्ये त्या ३६ टक्के झाल्या. लैंगिक क्रांतीवर टीका करणाऱ्या बहुतेक स्त्रीवादी लेखिकांना हे लाभ मान्य होते आणि गर्भनिरोधन व गर्भपाताच्या हक्काला त्यांचा पाठिंबा होता. त्यांची टीका परंपरावादी टीकेपासून येथेच वेगळी होते.

नकाराचा प्रश्न

ही टीका चळवळीतील अनुभवातून जन्मली. डाव्या संघटनांत काम करणाऱ्या तरुणींच्या वाट्याला टंकलेखन, स्वयंपाक आणि शय्यासोबत येत असे. त्यांनी नकार दिला, तर त्यांना मागासलेल्या किंवा मनाने कोत्या ठरवले जाई. रॉबिन मॉर्गन यांनी १९७० मध्ये ‘रॅट’ या भूमिगत वृत्तपत्रातील लेखात या पुरुष सहकाऱ्यांशी जाहीर काडीमोड घेतला. त्याच वर्षीच्या ‘द डायलेक्टिक ऑफ सेक्स’ या ग्रंथात शुलामिथ फायरस्टोन यांनी म्हटले, की लैंगिक क्रांतीचा मोठा लाभ पुरुषांच्या पदरात पडला आणि स्त्रियांना त्यांची जुनी संरक्षक कवचे उतरवायला लावण्यात आली.

या विचाराची सर्वांत नेमकी मांडणी बोस्टनच्या ‘सेल १६’ या गटातील डॅना डेन्समोर यांनी १९७१ मध्ये केली. पूर्वी अविवाहित स्त्रीला गर्भधारणेची भीती, कुटुंबाची अब्रू किंवा धर्माज्ञा असे कोणते ना कोणते कारण पुढे करून नकार देता येत असे. ही कारणे अन्यायकारक असली, तरी ती तिच्या हाती असलेली साधने होती. गोळीने पहिले कारण नाहीसे केले आणि नव्या नीतीने उरलेली हास्यास्पद ठरवली. आता तिच्यापाशी केवळ स्वतःची अनिच्छा उरली, आणि अनिच्छा हे पुरेसे कारण मानण्याची समाजाची तयारी अजून झालेली नव्हती. लैंगिक स्वातंत्र्यात लैंगिक संबंधांपासून मुक्त राहण्याचे स्वातंत्र्यही अंतर्भूत असले पाहिजे, असा डेन्समोर यांचा आग्रह होता.

अँड्रिया ड्वॉर्किन यांनी ‘राइट-विंग विमेन’ (१९८३) या पुस्तकात हाच धागा एका अनपेक्षित ठिकाणी नेला. परंपरावादी पक्षांकडे वळणाऱ्या स्त्रिया अज्ञानी असतात, हे त्यांनी नाकारले. त्यांच्या मते या स्त्रिया एक हिशेब मांडत होत्या: अनेक पुरुषांसाठी उपलब्ध असण्यापेक्षा एका पुरुषाच्या आश्रयात कमी धोका आहे. ड्वॉर्किन यांना हा हिशेब मान्य नव्हता, तरी त्यामागील भीती खरी असल्याचे त्या मानत. या वादातील हे बहुधा सर्वांत कमी वाचले गेलेले, पण सर्वांत उपयुक्त पुस्तक आहे.

गोळी आणि शरीर

मुक्तीची शारीरिक किंमत कोणी मोजली, हा प्रश्नही लवकरच पुढे आला. गोळीच्या मोठ्या चाचण्या १९५६ पासून प्वेर्तो रिकोतील गरीब स्त्रियांवर झाल्या होत्या. सुरुवातीच्या गोळीतील संप्रेरकांचे प्रमाण आजच्या गोळीच्या अनेक पट होते. बार्बरा सीमन यांच्या १९६९ मधील पुस्तकाने रक्ताच्या गुठळ्यांसह अनेक दुष्परिणामांकडे लक्ष वेधले. त्यानंतर १९७० मध्ये सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांच्या समितीपुढे सुनावणी झाली. त्या सुनावणीत गोळी घेणाऱ्या एकाही स्त्रीला साक्षीला बोलावले नाही, म्हणून वॉशिंग्टनच्या स्त्रीवादी कार्यकर्त्यांनी सभागृहातच उभे राहून प्रश्न विचारले आणि कामकाज थांबले. गोळीच्या पाकिटात धोक्यांची माहिती देणारे पत्रक ठेवण्याचा नियम याच आंदोलनाचे फलित आहे.

कृष्णवर्णीय लेखिकांनी वेगळा मुद्दा मांडला. अँजेला डेव्हिस यांनी ‘विमेन, रेस अँड क्लास’ (१९८१) मध्ये दाखवले, की गोऱ्या मध्यमवर्गीय स्त्रिया गर्भ नाकारण्याचा हक्क मागत असताना कृष्णवर्णीय, प्वेर्तो रिकन व मूळनिवासी स्त्रियांवर सक्तीच्या नसबंदी शस्त्रक्रिया होत होत्या. संततिनियमन एकीसाठी हक्क होते आणि दुसरीवर लादलेले कर्तव्य.

पोर्नोग्राफीवरून फूट

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात टीकेचा रोख पोर्नोग्राफी उद्योगाकडे वळला. न्यूयॉर्कमध्ये १९७९ साली ‘विमेन अगेन्स्ट पोर्नोग्राफी’ ही संघटना स्थापन झाली. मुक्तीच्या नावाखाली स्त्रीदेहाचा बाजार मांडला गेला आहे, अशी तिची भूमिका होती. एलेन विलिस यांच्यासारख्या स्त्रीवाद्यांना मात्र या भूमिकेत जुन्या सोवळेपणाचा वास आला. स्त्रीला वासना नसतेच, हा पुरुषी समज स्त्रीवादीच दृढ करीत आहेत, असा त्यांचा आक्षेप होता.

२४ एप्रिल १९८२ रोजी न्यूयॉर्कच्या बार्नार्ड महाविद्यालयात कॅरोल व्हान्स यांच्या संयोजनाखाली स्त्री-लैंगिकतेवर परिषद झाली. परिषदेची पुस्तिका महाविद्यालयाच्या प्रशासनाने आदल्या दिवसांत जप्त केली आणि परिषदेच्या दिवशी पोर्नोग्राफीविरोधी कार्यकर्त्यांनी दारात निदर्शने केली. चळवळीतील फूट येथे उघड झाली. परिषदेतील निबंध १९८४ मध्ये ‘प्लेझर अँड डेंजर’ या नावाने प्रसिद्ध झाले. स्त्रीसाठी लैंगिकता एकाच वेळी सुखाचे आणि धोक्याचे क्षेत्र आहे, यांपैकी एकाच बाजूवर सिद्धान्त उभारता येत नाही, हे त्यांचे सूत्र होते.

दरम्यान ड्वॉर्किन व विधिज्ञ कॅथरिन मॅकिनन यांनी मिनियापोलिस शहरासाठी एका अध्यादेशाचा मसुदा तयार केला. त्यात पोर्नोग्राफीला अश्लीलतेचा गुन्हा न मानता स्त्रियांविरुद्धचा भेदभाव मानले होते आणि बाधित स्त्रीला नुकसानभरपाईचा दावा लावण्याची मुभा होती. डिसेंबर १९८३ मध्ये नगरपरिषदेने तो संमत केला, पण महापौरांनी नकाराधिकार वापरला. इंडियानापोलिसने १९८४ मध्ये तसाच कायदा केला. तो अपील न्यायालयाने १९८५ मध्ये अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द केला आणि १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. कायद्याविरुद्ध न्यायालयात निवेदन देणाऱ्या स्त्रीवाद्यांत बेटी फ्रीडन, एड्रिएन रिच आणि केट मिलेट यांची नावे होती.

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२च्या बटलर निकालात पोर्नोग्राफीमुळे स्त्रियांना होणाऱ्या हानीचा युक्तिवाद स्वीकारला. त्यानंतर लवकरच टोरोंटोमधील एका समलिंगी पुस्तकविक्रेत्यावर, स्त्रियांनीच स्त्रियांसाठी काढलेल्या नियतकालिकावरून खटला झाला. सेन्सॉरशिपच्या विरोधकांनी ज्याची भीती व्यक्त केली होती, तेच घडले.

आर्थिक व सामाजिक अभ्यास

जॉर्ज अ‍ॅकर्लॉफ, जॅनेट येलेन व मायकेल कॅट्झ यांनी १९९६ मध्ये केलेले विश्लेषण या विषयात वारंवार उद्धृत होते. अमेरिकेत विवाहाविना झालेल्या अपत्यांचे प्रमाण १९६५ ते १९९० या काळात गोऱ्यांमध्ये ३.१ वरून १८ टक्के आणि कृष्णवर्णीयांमध्ये २४ वरून ६४ टक्के झाले. पूर्वी वधू गरोदर राहिल्यास वराने लग्न करावे, असा सामाजिक दंडक होता. गर्भनिरोधन व गर्भपात उपलब्ध झाल्यावर मूल होऊ देणे ही केवळ स्त्रीची निवड ठरली आणि पुरुषाची जबाबदारी गळून पडली, असे या अभ्यासकांचे प्रतिपादन आहे. ज्या स्त्रियांना ही साधने वापरायची नव्हती, त्यांचीही वाटाघाटीतील बाजू त्यामुळे कमकुवत झाली. मात्र साधने काढून घेणे हा उपाय अनिष्ट ठरेल, असेही त्यांनी लिहिले आहे. त्यांचा आधार घेणारे परंपरावादी लेखक हा भाग सहसा वगळतात.

बेट्सी स्टीव्हन्सन व जस्टिन वुल्फर्स यांच्या २००९ मधील निबंधाबाबतही असेच होते. १९७० च्या दशकापासून अमेरिकी स्त्रियांनी स्वतः सांगितलेले समाधान घटल्याचे त्यात दिसते. पण त्याचे कारण लैंगिक मुक्ती आहे, असा निष्कर्ष लेखकांनी काढलेला नाही.

एकविसाव्या शतकातील पुनरुज्जीवन

एरियल लेव्ही यांच्या ‘फीमेल शॉविनिस्ट पिग्ज’ (२००५) या पुस्तकाने स्वतःला वस्तू म्हणून सादर करण्यालाच सबलीकरण मानणाऱ्या संस्कृतीवर टीका केली. २०१७ मधील ‘मी टू’ चळवळीनंतर, कायदेशीर संमती असूनही अपमानकारक वाटलेल्या अनुभवांची चर्चा वाढली. क्रिस्टीन एम्बा यांनी २०२२ मध्ये संमती ही किमान अट आहे, नीतीचा संपूर्ण निकष नव्हे, असे मांडले. ब्रिटिश पत्रकार लुईस पेरी यांनी त्याच वर्षी ‘द केस अगेन्स्ट द सेक्शुअल रेव्होल्यूशन’ मध्ये उत्क्रांतिवादी मानसशास्त्राच्या आधारे विवाहसंस्थेचे समर्थन केले. पुरुषांचे वर्तन निसर्गदत्त मानल्यास ते बदलण्याची जबाबदारी पुन्हा स्त्रीच्या सावधगिरीवर येते आणि विवाहांतर्गत हिंसेकडे दुर्लक्ष होते, हे पेरी यांच्यावरील मुख्य आक्षेप आहेत. अमिया श्रीनिवासन यांनी ‘द राइट टू सेक्स’ (२०२१) मध्ये तिसरी वाट धरली: इच्छासुद्धा राजकारणाने घडते, परंतु तिला शिस्त लावण्याचे काम राज्यसंस्थेकडे सोपवणे धोक्याचे आहे.

महाराष्ट्रातील समांतर वाद

महाराष्ट्रात र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून स्त्रीच्या लैंगिक स्वातंत्र्याचा पुरस्कार केला. स्वातंत्र्य की शोषण, हा प्रश्न मात्र येथील स्त्रीवादी चळवळीपुढे तीव्रतेने आला तो २००५ मधील डान्सबारबंदीच्या वेळी. काही महिला संघटनांनी बंदीचे स्वागत केले. फ्लाव्हिया अ‍ॅग्नेस यांच्यासारख्या वकिलांनी बारबालांच्या उपजीविकेच्या हक्काची बाजू घेतली. परंपरेने नाचगाण्याचे काम ठरावीक जातींतील स्त्रियांवर लादले गेले असताना त्याला निवड म्हणता येईल का, असा सवाल काही दलित स्त्रीवाद्यांनी केला. अमेरिकेतील वादात या प्रश्नाला समांतर काही नव्हते. तारांकित हॉटेलांना बंदीतून सूट होती. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये बंदी रद्द केली आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. बंदीमुळे बेरोजगार झालेल्या अनेक स्त्रियांना वेश्याव्यवसायाकडे वळावे लागल्याची नोंदही निकालात आहे. राज्याने २०१६ मध्ये नवा कायदा केला, त्यातील अनेक अटी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये रद्दबातल ठरवल्या.