कोयता आणि गव्हाण

प्रवराकाठी लोणी येथे १९५० साली सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांची नावे त्या इतिहासात आहेत, आणि ती असलीच पाहिजेत. परंतु गव्हाणीत पडणारी मोळी तेथवर कोणी पोहोचविली?

तोडलेला ऊस पडून राहिला की त्यातील साखर घटते. आणि बॉयलर पेटतो तोही उसाच्याच चोथ्यावर. म्हणजे यंत्र चालायचे तर फडातला कोयता थांबून चालत नाही. हा कोयता चालविण्यास पाथर्डीचा, शेजारच्या बीड जिल्ह्यातील आष्टी-पाटोद्याचा कोरडवाहू शेतकरी मुकादमाची उचल घेऊन आला. मुकादमाच्या हिशेबात नवराबायको मिळून ‘एक कोयता’! पाचटात साप, हातात धारेचे पाते, डोक्यावर मोळी. आणि ती घेऊन फळीवरून भरल्या गाडीवर चढायचे, प्रसंगी रात्रीच्या अंधारात.

हंगाम संपला की कारखान्यातील यंत्रे खोलून दुरुस्त करतात. न केल्यास ती ऐन गाळपात दगा देतात. फडातल्या माणसाला हा दुरुस्तीचा काळ नाही. पावसाळाभर तो आपल्या रानात राबतो आणि उचल फेडण्यास पुन्हा निघतो. सहकाराचा इतिहास गव्हाणीपासून नव्हे, फडापासून लिहिला पाहिजे.