झाशीपर्यंत रूळ नव्हते : 1857 आणि रेल्वे

झाशीचे नेवाळकर घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील, आजच्या लांजा तालुक्यातील कोट या गावचे. मार्च 1858 मध्ये या घराण्याच्या राणीला वेढा घालणाऱ्या सर ह्यू रोझच्या सैन्यात मुंबई फौजेच्या 24व्या आणि 25व्या देशी पलटणी होत्या. मुंबई फौजेत दक्षिण कोकणातील शिपायांचा भरणा मोठा असे. इंग्रजांनी 1857 ला बंड म्हटले, सावरकरांनी स्वातंत्र्यसमर म्हटले. रत्नागिरीच्या बाजूने पाहिले तर त्यात यादवीचाही अंश दिसतो.

या युद्धात रेल्वेने काय केले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

लॉर्ड डलहौसीने 1853 च्या आपल्या टिपणात रेल्वेचे लष्करी प्रयोजन उघडपणे मांडले होते. फौजेला जिथे पोचायला महिने लागतात, तिथे ती काही दिवसांत पोचेल, असा त्याचा हिशेब होता. पुढच्याच वर्षी त्याने झाशी खालसा केली. पण झाशीवर फौज धाडण्याची वेळ आली तेव्हा रूळ तिथवर गेलेच नव्हते. मुंबईहून निघालेला लोहमार्ग 1857 मध्ये एकीकडे वाशिंदला आणि दुसरीकडे खोपोलीला, म्हणजे सह्याद्रीच्या पायथ्याशी थांबलेला होता. 31 जुलै 1857 रोजी कोल्हापुरात 27वी देशी पलटण उठली, तेव्हा मुंबई सरकारपुढे दोनच वाटा होत्या : ऐन पावसाळ्यात आगबोटीने किनारा गाठून घाट चढणे, नाहीतर खुष्कीने चिखल तुडवीत जाणे.

बंगालमध्ये मात्र हावड्यापासून राणीगंजपर्यंत 121 मैलांचा मार्ग 1855 पासून सुरू होता. मे 1857 अखेर कर्नल नील मद्रासहून आणलेले गोरे सैनिक घेऊन हावड्याला आला. त्याची माणसे हुगळी ओलांडत होती आणि स्टेशनवरचे अधिकारी गाडी थांबवायला तयार नव्हते. नीलने त्यांनाच पहाऱ्यात बसवले आणि आपली माणसे चढेपर्यंत गाडी रोखून धरली. राणीगंजच्या पुढे पुन्हा घोडे आणि बैल होतेच. तरीही तो जूनच्या आरंभी बनारसला पोचला आणि 4 जूनला तिथे उठावाचा भडका उडाला. 11 जूनला तो अलाहाबादच्या किल्ल्यात होता. बनारस आणि अलाहाबाद हातची गेली असती, तर कलकत्त्याहून कानपूर-लखनौकडे जाणारी वाटच बंद झाली असती. त्या 121 मैलांनी युद्ध जिंकून दिले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण त्यांनी वाचवलेले दिवस नेमके मोलाचे होते. बनारस-अलाहाबादेत नीलने जे फाशीसत्र चालवले, तेही याच वेगाचे फळ होते.

उठावकऱ्यांनाही रेल्वेचे महत्त्व कळले होते. अलाहाबादेच्या आसपास त्यांनी रेल्वेचे चालू काम उद्ध्वस्त केले, तारा तोडल्या. आरा येथे कुंवरसिंहांच्या सैन्याने ज्या छोट्या इमारतीला वेढा घातला, तिची आधीच तटबंदी करून ठेवणारा बॉइल हा रेल्वेचाच इंजिनिअर होता.

मध्य हिंदुस्थानात यातले काहीच नव्हते. रोझची फौज जानेवारीत महूकडून निघाली आणि सागरमार्गे झाशीपुढे यायला मार्चचा तिसरा आठवडा उजाडला. दारूगोळा, तंबू, धान्य, सारे बैल आणि उंटांवर. झाशीला मिळालेली ही उसंत रुळांच्या अभावाने दिलेली होती. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे वेढ्याच्या वेळी झाशीतच होते. तेही तिथवर पायी वाट तुडवत गेले होते. पुढच्या दशकात अमेरिकेच्या यादवीत, 1863 साली, वीस हजारांहून अधिक सैनिक सुमारे 1200 मैल आगगाडीने दोन आठवड्यांच्या आत हलवण्यात आले. यावरून झाशीपुढच्या फौजेची गती किती जुन्या काळातली होती हे कळते.

14 जून 1858 रोजी खंडाळा-पुणे मार्ग खुला झाला. त्याच आठवड्यात ग्वाल्हेरजवळ राणी लक्ष्मीबाईंना वीरमरण आले.

पुढे लोहमार्ग झपाट्याने वाढला. 1857 मध्ये जेमतेम तीनशे मैल असलेले जाळे 1880 पर्यंत सुमारे 9000 मैलांवर गेले. लाहोरचे स्टेशन तर किल्ल्यासारखे बांधण्यात आले, कारण उठावाची भीती अजून ताजी होती. भोरघाट 1863 मध्ये सर झाला, झाशीला गाडी 1889 मध्ये पोचली. नेवाळकरांच्या मूळ जिल्ह्यातून मुंबई ते मंगळुरू अशी सलग कोकण रेल्वे धावू लागायला मात्र 1998 साल उजाडावे लागले. तोवर चाकरमान्यांसाठी आधी आगबोट आणि मग एसटी होती.