सप्रू हाऊस आणि सुरक्षाविषयक अध्ययनाची जडणघडण

भारतात आंतरराष्ट्रीय व प्रादेशिक सुरक्षेचा उच्च अभ्यास रुजला तो लष्करी छावणीत नव्हे, तर एका ग्रंथालयाच्या आसऱ्याने. दिल्लीचे सप्रू हाऊस ही इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स या १९४३ साली स्थापन झालेल्या संस्थेची वास्तू. याच संस्थेने १९४७ मध्ये आशियाई संबंध परिषद भरवली होती. परराष्ट्र धोरणावर बोलणारे त्या काळी पुष्कळ होते. शेजारी देशांचा शिस्तीने अभ्यास केलेले मात्र थोडे. ही उणीव भरून काढण्यासाठी ऑक्टोबर १९५५ मध्ये तेथे इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज सुरू झाले. ए. अप्पादोराई हे पहिले संचालक.

या उभारणीमागे पंडित हृदयनाथ कुंझरू होते. सीमाभागातील वाचकांना हे नाव राज्य पुनर्रचना आयोगाचे सदस्य म्हणून परिचित आहे, आणि ते फारशा आपुलकीने घेतले जात नाही. आयोगाचा अहवाल सादर झाला सप्टेंबर १९५५ अखेर, म्हणजे ही संस्था सुरू होण्याच्या अगदी तोंडावर. परंतु कुंझरूंची दुसरी ओळखही लक्षात घेतली पाहिजे. गोखल्यांनी पुण्यात स्थापलेल्या भारत सेवक समाजाचे ते दीर्घकाळ अध्यक्ष होते, आणि ज्या समितीच्या शिफारशींवरून १९४८ मध्ये एन.सी.सी. उभी राहिली तिचेही अध्यक्ष तेच. संरक्षण हा केवळ सेनापतींचा विषय नाही, सुशिक्षित नागरिकाचाही आहे, हा विचार त्यांच्या या सर्व कार्यात दिसतो.

नव्या संस्थेत भर होता संशोधनावर. विद्यार्थ्याने एखादा प्रदेश निवडावा (पश्चिम आशिया, दक्षिण आशिया, चीन, रशिया), त्याचा इतिहास, अर्थकारण आणि शक्यतो भाषाही आत्मसात करावी, मगच त्याच्या राजकारणावर लिहावे, अशी ही पद्धत. हाताशी होते सप्रू हाऊसचे समृद्ध ग्रंथालय आणि वृत्तपत्रीय कात्रणांचा मोठा संग्रह. १९५९ मध्ये 'इंटरनॅशनल स्टडीज' हे नियतकालिक निघाले. १९६१ मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

१९६२ च्या युद्धाने या अभ्यासाची निकड सर्वांनाच पटली. चीनच्या सीमेवर पराभव झाला तेव्हा चिनी भाषा जाणणारे अभ्यासक देशात बोटांवर मोजण्याइतके होते. दिल्ली विद्यापीठात चिनी अध्ययनाचे केंद्र १९६४ मध्ये निघाले, म्हणजे युद्धानंतर! पुढच्याच वर्षी, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, इन्स्टिट्यूट फॉर डिफेन्स स्टडीज अँड अॅनालिसेस स्थापन झाली. २०२० मध्ये तिला गोव्याच्या मनोहर पर्रीकरांचे नाव देण्यात आले. ही संस्था संशोधनाची. पदव्युत्तर अध्यापनाचे काम विद्यापीठांकडेच राहिले. १९७० मध्ये सप्रू हाऊसची शाळा जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली, आणि एम.ए., एम.फिल.चे वर्ग, निःशस्त्रीकरणासारखे विषय तेथे आले.

पुढील काळात मात्र या अभ्यासाचा तोल बदलला. अण्वस्त्रे, क्षेपणास्त्रे, संरक्षण खर्च यांची चर्चा वाढली. प्रदेशाची भाषा मागे पडली. हे नुकसान लहान नाही. पाकिस्तानविषयी प्रबंध लिहिणारा विद्यार्थी केवळ 'डॉन' वाचून थांबला, तर त्याला कराची-इस्लामाबादच्या इंग्रजी जाणणाऱ्या वर्गाचेच मत कळते. 'जंग' किंवा 'नवा-ए-वक्त' मुळातून वाचणाऱ्याला मशिदीबाहेरच्या, बाजारातल्या, बराकीतून निवृत्त झालेल्या माणसाचा सूरही ऐकू येतो, आणि धोरण ज्या जनमताच्या दडपणाखाली ठरते ते बहुधा तेथेच आढळते. हैदराबाद, बेळगाव भागात घरीच उर्दू शिकलेल्या आणि शाळेत मराठी वा इंग्रजी वाचलेल्या पदवीधराकडे हे साधन आधीपासूनच असते; अन्यत्र ते मिळवण्यासाठी दोन-तीन वर्षे भाषेच्या वर्गात बसावे लागते.